जागतिक खेडे आणि गावकुसाबाहेरची वस्ती

दळणवळणाचे नवे साधन आले की त्याच्या मागोमाग भविष्य सांगणारेही येतात. आगगाडी आली, तारायंत्र आले, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी आली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस इंटरनेट आले. प्रत्येक वेळी सांगितले गेले की आता अंतर मिटेल, माणूस माणसाच्या जवळ येईल आणि जन्माने लादलेल्या भिंती आपोआप ढासळतील. या भाकितांचा इतिहास बहुतेक वेळा भाकिते करणाऱ्यांच्याच बाजूने लिहिला गेला आहे. त्या भिंतींची बाहेरची बाजू ज्यांच्या वाट्याला आली, त्यांच्या बाजूनेही तो तपासून पाहिला पाहिजे. शहाद्याला लागून असलेल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या लोणखेड्यासारख्या गावातून ही तपासणी करू लागलो की प्रश्न साधा आणि रोखठोक होतो. साधन बदलले आणि जात विचारणारा माणूस तसाच राहिला, तर जात जाते काय?

या तपासणीची सुरुवात इंटरनेटपासून करून चालणार नाही. ती आगगाडीपासून करावी लागते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात कार्ल मार्क्सचा भारतावरील लेख प्रसिद्ध झाला. रेल्वेमधून आधुनिक उद्योग उभा राहील आणि ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर जाती उभ्या आहेत ती हा उद्योग मोडून काढील, असे त्याने त्यात भाकीत केले होते. हे भाकीत सर्वस्वी पोकळ होते असे म्हणता येणार नाही. महारकी सोडून आमचे आजे-पणजे रेल्वेच्या कामावर गेले, भुसावळला गेले, मुंबईच्या गिरण्यांत शिरले, ते याच रुळांवरून. परंतु गिरणीत काय झाले? विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळ होईल म्हणून जास्त मजुरीच्या त्या खात्याची दारे अस्पृश्यांना बंद राहिली. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडावा लागला. आधुनिक उद्योग आला, यंत्र आले, आणि यंत्राजवळ कोणी उभे राहायचे हे जातीनेच ठरवले.

आगगाडीच्या प्रवासाचीही एक साक्ष बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे. १९०१ च्या सुमारास ते आणि त्यांची भावंडे साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर चांगले कपडे होते. स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची मुले वाटली, म्हणून त्याने आपुलकीने विचारपूस केली. आपण महार आहोत असे मुलांनी सांगताच तो चरकून मागे सरला. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, या अटीवर सौदा झाला. मुले येत असल्याचे पत्र वडिलांना आधी धाडले होते, पण शिपायाच्या हलगर्जीपणामुळे ते त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. टपाल होते, रेल्वे होती, तिकीट काढण्यास मज्जाव नव्हता. डब्यात कोणी जात विचारली नाही. ती विचारली गेली उतरल्यावर. नव्या साधनाचा आणि जातीचा संबंध समजून घेण्यासाठी ही साक्ष सर्वांत उपयोगी आहे, कारण शंभर वर्षांनी इंटरनेटच्या बाबतीत नेमके हेच घडले.

आता इंटरनेटच्या भाकितांकडे येऊ. १९६२ मध्ये कॅनडाचे विचारवंत मार्शल मॅक्लुहान यांनी विद्युत माध्यमांमुळे सारे जग एका खेड्यासारखे होईल अशी कल्पना मांडली आणि ‘जागतिक खेडे’ हा शब्द रूढ झाला. १९६८ मध्ये जे. सी. आर. लिकलायडर आणि रॉबर्ट टेलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी संगणक हे संवादाचे साधन ठरेल असे प्रतिपादन करणारा लेख लिहिला. तेव्हा इंटरनेटचा पूर्वज मानले जाणारे अर्पानेट सुरूही झाले नव्हते. त्यावरचा पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी गेला. पुढच्या काळात माणसांचे समूह एका ठिकाणी राहण्यावर अवलंबून राहणार नाहीत, समान आवडीवर आणि समान हितसंबंधांवर ते उभे राहतील, असे या दोघांचे भाकीत होते. मात्र त्यांनी एक सावध प्रश्नही विचारून ठेवला होता. या जाळ्याशी जोडलेले असणे हा सर्वांचा हक्क राहील की मूठभरांचा मान? तो मूठभरांचाच राहिला तर आधीची विषमता आणखी वाढेल, असा त्यांचा इशारा होता. भाकितातला गोड भाग जगभर गाजला आणि हा इशारा मागे पडला.

१९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात एक व्यंगचित्र आले. संगणकापुढे बसलेला कुत्रा दुसऱ्या कुत्र्याला सांगतो आहे की इंटरनेटवर आपण कुत्रा आहोत हे कोणालाही कळत नाही. विनोद म्हणून काढलेले ते चित्र पुढे तत्त्वज्ञान म्हणूनच सांगितले जाऊ लागले. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी जॉन पेरी बार्लो या अमेरिकन गीतकाराने स्वित्झर्लंडमधील दावोस येथून सायबर विश्वाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामाच प्रसिद्ध केला. वंश, संपत्ती, लष्करी बळ किंवा जन्माने मिळालेले स्थान यांपैकी कशाचाही विचार न होता सर्वांना प्रवेश असेल असे जग आम्ही घडवीत आहोत, असे त्यात अभिमानाने सांगितले होते. आपल्या दृष्टीने हा जन्माचा उल्लेख फार महत्त्वाचा आहे. जन्माने ठरलेले स्थान म्हणजे काय, हे दावोसच्या बर्फात कोणाला कितपत ठाऊक असणार? ते ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांच्या दारी तेव्हा टेलिफोनही पोचला नव्हता. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तारीख स्वातंत्र्यदिनाची निवडली होती. पण त्या स्वातंत्र्यात शिरण्यासाठी टेलिफोन, संगणक, पैसा आणि इंग्रजी या चार गोष्टी लागत होत्या, आणि या चारही गोष्टी आपल्या समाजात जातीनुसार वाटल्या गेल्या होत्या.

‘जागतिक खेडे’ या शब्दाकडेही आपण डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. खेडे म्हटले की पाश्चात्त्य मनाला जिव्हाळा आठवतो. आपल्याकडच्या पांढरपेशा मनालाही मामाचे गाव आठवते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी घटना समितीत स्वच्छ सांगितले होते की खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर आहे. म्हणूनच घटनेचा घटक खेडे न ठरता व्यक्ती ठरली याचे त्यांना समाधान होते. खेड्यात प्रत्येकाला प्रत्येकाची जात ठाऊक असते. पाणवठा वेगळा, स्मशान वेगळे आणि वस्ती गावकुसाबाहेर. तेव्हा सारे जग एक खेडे होणार असेल, तर त्याचे गावकूस कोठे असेल आणि आपली वस्ती त्याच्या कोणत्या बाजूला असेल, हे विचारणे आपले कर्तव्य ठरते.

महाराष्ट्रात या भाकिताचा एक मोठा प्रयोग झाला. १९९८ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावे वारणेच्या सहकारी साखर संकुलाच्या आधाराने संगणकाने जोडण्याची योजना हाती घेण्यात आली. शेतकऱ्याला गावातच बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी माहिती आणि शिक्षण मिळेल, असे तेव्हा सांगितले गेले. प्रत्यक्षात गावातले संगणक मुख्यतः उसाच्या नोंदी, वजने आणि हिशेब यांसाठीच वापरले गेले. काही वर्षांनी सात गावांत संशोधकांनी तेच काम साध्या मोबाइलच्या लघुसंदेशांवर करून दाखवले. या प्रयोगाची चर्चा बहुधा यंत्राच्या अंगाने होते. आपण ती जमिनीच्या अंगाने केली पाहिजे. ज्याच्या नावावर ऊस आहे, त्याच्या नावाने नोंद निघणार. ज्याच्या नावावर सात-बाराच नाही, जो कोयता घेऊन दुसऱ्याचा ऊस तोडतो, त्याला विचारण्यासारखे त्या संगणकात काय होते? शहादे तालुकाही उसाचा आणि साखर कारखान्याचा आहे, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. माहितीचे जाळे जमिनीच्या मालकीवरून अंथरले की ते त्या मालकीचाच आकार घेते.

आपल्या तालुक्यावर आणखी एक भाकीत येऊन गेले. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादे तालुक्यातील टेंभली या लहानशा गावात पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी आले आणि देशातील पहिले आधार क्रमांक तेथे दिले गेले. ज्याची कोठे नोंदच नाही अशा माणसाला ओळख मिळेल आणि त्याचा हक्क मधला दलाल टळून थेट त्याच्या हाती पडेल, असे तेव्हा सांगितले गेले. ओळख मिळाली, क्रमांक मिळाला. पण मातीत आणि उन्हात झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही, रेशन दुकानातल्या यंत्राला संदेशवहन मिळत नाही, अशा तक्रारी पुढे देशभरातून आल्या. टेंभलीच्या रोजगाराचा आणि जमिनीचा प्रश्न बारा अंकी क्रमांकाने सुटणार नव्हता. तसा तो सुटलाही नाही.

मग आले २०२० साल. करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या आणि जूनपासून शिक्षण मोबाइलवर आले. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार हा राज्यात सर्वांत कमी साक्षरतेचा जिल्हा होता. अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरातल्या पाड्यांवर मोबाइल आहे तर टॉवर नाही, टॉवर आहे तर वीज नाही, अशी स्थिती होती. ज्या घरात एकच फोन, तो कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात. मुलीच्या हाती तो कधी यायचा? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे ३८ टक्केच स्त्रियांनी कधी तरी इंटरनेट वापरल्याचे आढळले, तर पुरुषांत हे प्रमाण सुमारे ६१ टक्के होते. मे २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाच्या लसीसाठी इंटरनेटवरील नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा शहरातली माणसे मोबाइलवरून खेड्यातल्या केंद्रांच्या जागा पटकावू लागली. अखेर सर्वोच्च न्यायालयालाच सरकारला विचारावे लागले की ज्यांच्यापाशी हे साधन नाही त्यांनी काय करायचे. १९६८ मध्ये त्या दोन शास्त्रज्ञांनी विचारलेला हक्काचा प्रश्न बावन्न-त्रेपन्न वर्षांनी सातपुड्यात असा उभा राहिला.

पण समजा, साधन मिळाले. टॉवर आला, मोबाइल स्वस्त झाला, देवनागरीत लिहिता येऊ लागले. मग तरी जन्म विचारला जाणार नाही, हे भाकीत खरे ठरले काय? विवाह जुळवणारी संकेतस्थळे पाहा. आवडीनुसार समूह बनतील असे म्हटले होते. तेथे जात आणि पोटजात यांचे रकाने आले आणि गावातल्या मध्यस्थाला जे पंचक्रोशीत करता येत नव्हते ते सातासमुद्रापार करता येऊ लागले. जातीतल्या जातीत विवाह हाच जातिसंस्थेचा कणा आहे, असे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच कोलंबिया विद्यापीठात मांडले होते. त्या कण्याला इंटरनेटने बळ दिले. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका बौद्ध तरुणाला ठार मारण्यात आले. त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांवरील गाणे वाजले आणि तेच निमित्त झाले, अशी तक्रार नोंदली गेली. पडद्यावर जात दिसत नाही म्हणतात, पण खिशात फोन वाजला आणि जात कळली. आणि हे फक्त आपल्याच मुलखात घडते असे नाही. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या भेदभावविरोधी खात्याने सिस्को या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. एका दलित अभियंत्याला त्याच्या सवर्ण भारतीय वरिष्ठांनी जातीवरून डावलले, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. २०२३ मध्ये दोन अधिकाऱ्यांवरील आरोप खात्याने मागे घेतले, पण कंपनीविरुद्धचा दावा कायम ठेवला. खटल्याचा निकाल बाजूला ठेवला तरी एवढे उरतेच की जगाला जोडणारी यंत्रे जी कंपनी बनवते, तिच्याच दारात जातीचा प्रश्न येऊन उभा राहिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहराने जातिभेदाला बंदी करणारा कायदा केला, तो अनुभवाने भाग पडले म्हणूनच.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की हे साधनच आपल्या कामाचे नाही, तर तो आपल्या चळवळीच्या इतिहासाशी द्रोह होईल. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले तेव्हा छपाईचे तंत्र शतकभर जुने झाले होते आणि ते उच्चवर्णीयांच्या हाती होते. पैसे देऊ करूनही ‘मूकनायक’ची जाहिरात ‘केसरी’ने छापली नाही. तरी बाबासाहेबांनी मुद्रणाकडे पाठ फिरवली नाही. त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ काढले, ‘जनता’ काढले, ‘प्रबुद्ध भारत’ काढले. इंटरनेटच्या बाबतीतही आपल्या तरुणांनी हाच मार्ग धरला. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. प्रस्थापित वृत्तपत्रांनी कित्येक आठवडे तिची नीट दखल घेतली नाही. सत्यशोधन करणारे कार्यकर्ते गावात गेले, त्यांनी अहवाल लिहिले आणि ते ईमेलने, लघुसंदेशांनी देशात आणि परदेशात पोचले. नोव्हेंबरमध्ये विदर्भातून उठलेला संताप राज्यभर पसरला. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला, तेव्हा त्याचे अखेरचे पत्र एका दिवसात देशभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती होते. ते छापायचे की नाही हे ठरवणारा संपादक मध्ये नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला बाबासाहेबांच्या ग्रंथांची सरकारी छपाई का रखडली याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्याच काळात खेड्यातला विद्यार्थी ते इंग्रजी खंड मोबाइलवर उतरवून वाचत होता.

परंतु येथे क्रम नीट ध्यानात घेतला पाहिजे. खैरलांजीत आधी माणसे गेली, मग ईमेल गेले. शहाद्याचा इतिहास तर याहून बोलका आहे. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने दलित या शब्दात आदिवासी, भूमिहीन, कामगार आणि स्त्रिया या सर्वांना सामावून घेतले. त्याच सुमारास या तालुक्यात तो अर्थ प्रत्यक्षात उतरत होता. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीत भिल्लांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमिमुक्तीची परिषद भरली. अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखा भजने गाणारा भिल्ल कार्यकर्ता आणि श्रमिक संघटनेचे तरुण पाड्यापाड्यांतून पायी हिंडले. पुढे स्त्रिया गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडू लागल्या. त्यांच्यापाशी टेलिफोनही नव्हता. बाजाराचा दिवस, भजनाची रात्र आणि पायवाट एवढ्यावर हजारो माणसे जोडली गेली. समूह साधनाने बनत नाही, तो समान दुःखाच्या जाणिवेतून आणि संघटनेतून बनतो. साधन त्याचा पल्ला वाढवते.

भाकिते करणाऱ्यांची चूक नेमकी येथे झाली. त्यांनी साधनालाच कर्ता मानले. दार उघडे आहे म्हणजे सगळे आत आले, असे त्यांनी गृहीत धरले. आपल्याला हा भ्रम होण्याचे कारण नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई प्रांतातील सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे कागदावर खुले होते, पाणी तेथेच होते, आणि तरी २० मार्च १९२७ पर्यंत ओंजळ भरली गेली नाही. ती भरण्यासाठी बाबासाहेबांना हजारो माणसांसह चालत जावे लागले, आणि त्यानंतर डोकीही फुटली. इंटरनेट खुले आहे असे म्हणणारा माणूस १९२४ च्या ठरावावर थांबला आहे.

तेव्हा आज करायचे काय? पहिली गोष्ट, हक्काची भाषा सोडता कामा नये. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. जुलै २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने इंटरनेटवरून केलेली जातिवाचक विटंबनाही अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येते असे म्हटले. हे निर्णय आपल्या तालुक्यातील कार्यकर्त्याच्या पिशवीत असले पाहिजेत. पाड्यावरचा टॉवर, ग्रंथालयातला संगणक आणि मुलीच्या हातातला फोन या पाणवठ्याच्याच मागण्या आहेत. दुसरी गोष्ट, शिक्षकांनी विद्यार्थ्यांना यंत्र चालवण्याबरोबरच यंत्राला प्रश्न विचारायला शिकवावे. हे जाळे कोणाच्या मालकीचे आहे, त्यात आपले आडनाव कोण वाचतो, आपल्याविषयी काय नोंदवले जाते आणि ते कोणाच्या उपयोगी पडते, हे प्रश्न नागरिकशास्त्राच्या तासाला यायला हवेत. तिसरी गोष्ट, आपल्या भागाचा इतिहास मराठीत, अहिराणीत, भिलोरीत नोंदवून या जाळ्यावर आपणच ठेवला पाहिजे. शहाद्याच्या लढ्यात चाललेली पिढी आता थकली आहे. तिची साक्ष आपण लिहून घेतली नाही, तर उद्या इंटरनेटवर शहादे शोधणाऱ्याला उसाचे दर सापडतील, पाटीलवाडी सापडणार नाही.

यापुढेही नवी यंत्रे येतील आणि त्यांच्याबरोबर जात संपल्याची नवी भाकितेही येतील. त्या प्रत्येक वेळी मसूरचे स्टेशन आठवावे. गाडीत बसू दिले की नाही, एवढ्यावर समाधान मानू नये. उतरल्यावर गाडीवान काय म्हणतो, ते पाहावे. तो जोवर जात विचारतो, तोवर आपले काम शिल्लक आहे, आणि ते कोणतेही यंत्र आपल्यासाठी करणार नाही.